मुलगा धिप्पाड आहे म्हणून पॉवर फॉरवर्ड? इगिन्लाच्या करिअरवरून सांगतो

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा तेरा वर्षांचा, उंची आत्ताच पाच फूट नऊ, यंदा आइस हॉकीच्या यू-१५ मध्ये (पंधरा वर्षांखालच्या गटात) गेलाय, कोच म्हणतोय ह्याला पॉवर फॉरवर्ड करू, आणि मुलाच्या खोलीत जॅरोम इगिन्लाचं, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या कॅलगरी फ्लेम्सच्या जुन्या कॅप्टनचं, पोस्टर आहे. तुम्ही विचारलंय की पॉवर फॉरवर्ड म्हणजे नक्की काय, मारामारी करावीच लागते का, कॅप्टन कसा होतो, आणि एकदम शेवटी एक ओळ की "त्याचं शरीर टिकेल ना हो?"

ही शेवटची ओळच खरा प्रश्न आहे असं मला वाटतं. मी मूळचा कोल्हापूरचा, घराजवळ तालीम होती, लहानपण तिथल्या हौद्याच्या कडेला बसून गेलं. २००३ च्या शरद ऋतूत कॅनडात कॅलगरीला आलो, तेव्हापासून फिजिओ म्हणून काम करतोय आणि माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मी पोरं हॉकीची असतात. इगिन्लावर मी कधी हात ठेवलेला नाही, त्याला इथल्या सगळ्यांसारखंच स्टँडमधून आणि टीव्हीवर पाहिलंय, पण त्याच्यासारखं खेळायचंय म्हणून शरीर मोडून घेतलेली पोरं मात्र खूप हाताळलीत. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो, जरा लांबेल.

आधी पॉवर फॉरवर्ड म्हणजे काय. साध्या भाषेत, जो गोलही करतो आणि अंगावरही घेतो. आइस हॉकीच्या रिंकवर सगळ्यात महाग जागा म्हणजे गोलच्या पुढचे दहा-पंधरा फूट, तिथे उभं राहिलं की पाठीत स्टिक बसतात, डिफेन्समन रेटतो, आपल्याच टीमच्या माणसाचा शॉट घोट्यावर येतो. बहुतेक स्किलवाली पोरं तिथून आत-बाहेर करतात, थांबत नाहीत. पॉवर फॉरवर्ड तिथे थांबतो आणि थांबून हात चालवतो. दुसरं म्हणजे कोपऱ्यात बोर्डला (रिंकच्या कडेच्या भिंतीला) चिकटून पकसाठी, म्हणजे खेळायच्या रबरी चकतीसाठी, झोंबाझोंबी होते तिथे तो आधी पोचतो आणि पक घेऊन बाहेर येतो. नुसता धडका मारणारा खेळाडू वेगळा, त्याचं नाव वेगळं, त्याचा पगारही वेगळा. तालमीत जसं वजनदार गडी खूप असतात पण ज्याची बैठक पक्की आणि डाव हातात तोच पैलवान, तसंच आहे हे.

आता शरीर टिकण्याचं. या खेळाचे दोन मोठे नमुने बघा. बोस्टनचा कॅम नीली, पॉवर फॉरवर्ड हा शब्द ज्याच्यामुळे लोकांच्या तोंडी बसला तो. १९९१ च्या प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेरीत) मांडीवर धक्का बसला, स्नायूतच हाड धरायला लागलं, मग गुडघा, मग खुबा. तरी १९९३-९४ मध्ये पठ्ठ्यानं ४९ सामन्यांत ५० गोल मारले! आणि १९९६ मध्ये खुब्यामुळे ३१ व्या वर्षी रिटायर. दुसरा एरिक लिंड्रॉस, फिलाडेल्फियाचा कॅप्टन, सहा फूट चार, त्या काळात त्याच्याएवढा देह आणि तेवढे हात एकत्र कुणाकडे नव्हते. लहानपणापासून सगळ्यांपेक्षा मोठा असल्यामुळे त्याला मान खाली घालून पक नेण्याची सवय लागली असं इथले जुने कोच आजही म्हणतात. मे २००० मध्ये विरुद्ध टीमच्या स्कॉट स्टीव्हन्सचा खांदा त्याच्या डोक्यावर बसला, त्याआधीही कन्कशन (डोक्याला मार बसून मेंदू हादरणं) झालेलीच होती, त्यानंतर तो पूर्वीचा लिंड्रॉस राहिला नाही. दोघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत, पण नीलीचे सामने ७२६ आणि लिंड्रॉसचे ७६०.

इगिन्लाचे १५५४. २० सीझन. म्हणजे दुपटीहून जास्त. आणि तो लिंड्रॉसइतका मोठा कधीच नव्हता, सहा फूट एक, ९५ किलोच्या आसपास. तुमच्या मुलाच्या दृष्टीनं बघायचं ते हे, की हा माणूस त्याच जागेत उभा राहून इतका टिकला कसा.

सुरुवात सांगतो. जन्म १ जुलै १९७७, एडमंटन. वडील नायजेरियातून कॅनडात आलेले, योरुबा, इगिन्ला म्हणजे त्यांच्या भाषेत मोठं झाड. आई अमेरिकन. आई-वडील लवकर वेगळे झाले आणि पोरगा आई आणि आजी-आजोबांकडे सेंट अल्बर्टला वाढला, हॉकीला ने-आण आजोबांची. सुरुवातीला काही काळ तो गोलकीपर होता. आणि उन्हाळ्यात बेसबॉल, तेसुद्धा गंभीरपणे, कॅनडाच्या ज्युनियर टीमपर्यंत, कॅचर म्हणून. हे मी मुद्दाम सांगतोय. कॅचर म्हणजे तासन्‌तास उकिडवं बसणं, खुबा खाली, छाती वर, हात मोकळे, आणि गोलपुढे उभं राहायला नेमकं हेच लागतं. त्याच्या आईनं काही आखून केलं असेल असं नाही, पण शरीराला वर्षभर एकच एक काम दिलं नाही हे चांगलं झालं. आजकाल इथे जुलै-ऑगस्टमध्येही बर्फावर कॅम्प असतात आणि पालक पोरं मागे पडतील म्हणून घाबरून पैसे भरतात. तुम्ही भरू नका.

मग कॅमलूप्स ब्लेझर्स ही ज्युनियर टीम, १९९४ आणि १९९५ दोन्ही वर्षी मेमोरियल कप, म्हणजे ज्युनियर हॉकीचं विजेतेपद. १९९५ च्या ड्राफ्टमध्ये (एनएचएलच्या टीम नवी पोरं निवडतात तिथे) डॅलसनं ११ व्या नंबरला घेतलं आणि त्याच डिसेंबरात कॅलगरीला देऊन टाकलं, बदल्यात जो न्यूवेंडाइक गेला जो इथला लाडका कॅप्टन होता. लोक चिडले होते, हा इगिन्ला कोण म्हणून. (न्यूवेंडाइकनं १९९९ मध्ये डॅलसला स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकून दिला, त्यामुळे डॅलसचंही काही चुकलं नाही.)

पहिल्या पूर्ण सीझनला २१ गोल. दुसऱ्या सीझनला फक्त १३. हे १३ तुमच्या मुलाला दाखवा. मग २८, २९, ३१, आणि २००१-०२ मध्ये एकदम ५२ गोल, ९६ पॉइंट (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून), गोलमध्ये लीगमध्ये पहिला, पॉइंटमध्येही पहिला, खेळाडूंनी मतदान करून दिलेला बेस्ट प्लेअरचा पुरस्कारही त्यालाच. लीगच्या सर्वांत मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफी तेवढी हुकली, मतदानात गोलकीपर जोसे थिओडोर आणि त्याचे गुण समान झाले आणि पहिल्या पसंतीची मतं थिओडोरची जास्त होती. लोकांना हे ५२ अचानक वाटतात. पण तेरापासून बावन्नपर्यंत चार वर्षं गेलीत मध्ये, आणि त्या चार वर्षांत त्याची उंची वाढलेली नाही, वाढली ती शॉट सोडायची घाई. घाई म्हणजे चांगल्या अर्थानं. त्याचा ट्रेडमार्क गोल सांगतो: तो उजव्या हाताचा, डाव्या बाजूच्या सर्कलमध्ये उभा, पास आडवा येतोय, स्टिक आधीच मागे गेलीये, वजन मागच्या पायावर, आणि पक थांबवायचाच नाही, येतोय तसा मारायचा. वन-टायमर. गोलकीपर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकेपर्यंत पक आत. यात कुणाला धडक नाही, रेटारेटी नाही. मग पॉवर कुठे आली? तर समोरच्या डिफेन्समनला मागचे दोन पिरियड कोपऱ्यात इतकं रेटून काढलंय की तो आता एक पाऊल लांब उभा राहतो, आणि त्या एका पावलात शॉट निघतो. अंगाचा उपयोग जागा मिळवायला. गोल हातानंच होतो.

२००२ चं सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिक पण ऐकण्यासारखं आहे. आधीच्या सप्टेंबरात टीम कॅनडाच्या कॅम्पला त्याचं नाव नव्हतं, सिमॉन गान्ये जखमी झाला म्हणून ऐनवेळी फोन आला, याला वाटलं मित्र मस्करी करतायत. आणि फेब्रुवारीत अमेरिकेविरुद्धच्या फायनलमध्ये दोन गोल, कॅनडा ५-२, ५० वर्षांनी पुरुष हॉकीचं गोल्ड. तिथेच त्याला कॅलगरीहून आलेली काही माणसं भेटली जी खोली मिळाली नाही म्हणून गाडीत झोपत होती, त्यानं गुपचूप त्यांचं हॉटेल बुक करून पैसे भरले. इथे कॅलगरीत ही गोष्ट अजून सांगतात.

आता कॅप्टनचं. २००३-०४ च्या सुरुवातीला क्रेग कॉनरॉयनं आपण होऊन छातीवरचं कॅप्टनचं 'सी' अक्षर सोडलं आणि ते इगिन्लाला गेलं. थांबा इथे जरा. कॉनरॉय त्याचाच सेंटर, त्याच्याच लाइनवर खेळणारा, वयानं मोठा, आणि त्यानं सांगितलं की ही टीम याची आहे. ड्रेसिंग रूमनं आधीच ज्याच्याकडे बघायला सुरुवात केलेली असते त्याला ते अक्षर मिळतं, कोचनं शिवून दिलं म्हणून कुणी कॅप्टन होत नाही. नियमाप्रमाणे कॅप्टनचं काम एवढंच की निर्णयाबद्दल रेफरीशी बोलायचं. बाकी सगळं न लिहिलेलं.

त्या २००४ च्या प्लेऑफचं तर काय सांगू. मी इथे आल्यानंतरचा पहिलाच वसंत, मला ऑफसाइड म्हणजे काय तेही धड कळत नव्हतं. फ्लेम्स १९९६ नंतर प्लेऑफलाच पोचले नव्हते. कोच डॅरिल सटर, गोलमध्ये मीका किप्रुसॉफ, आणि यांनी व्हँकुव्हर, डेट्रॉइट, सॅन होजे असे तिघांना घरी पाठवलं. सतराव्या अव्हेन्यूवर लाल जर्सींचा पूर, रात्री उशिरापर्यंत अनोळखी माणसं गळ्यात पडतायत, मला तर विसर्जन मिरवणुकीतच उभं असल्यासारखं वाटलं, आणि घर सोडून आल्यानंतर त्या गावात पहिल्यांदा आपलं काहीतरी आहे असं वाटलं ते त्या रात्री. म्हणून मी या माणसाबद्दल इतकं लिहितोय.

फायनल टँपा बेशी. तिसऱ्या गेममध्ये इगिन्ला आणि व्हिन्सेंट लकॅव्हलिए, दोन्ही टीमचे स्टार, एकमेकांशी भिडले, ग्लोव्ह्ज टाकून. फ्लेम्सनं तो गेम ३-० जिंकला. पण मी पोरांना दाखवतो तो पाचव्या गेमचा ओव्हरटाइम. इथे त्याला नुसतं 'द शिफ्ट' म्हणतात. एरवी शिफ्ट म्हणजे ४०-४५ सेकंद, मग बेंचवर यायचं, कारण त्यापुढे पाय जड होतात. हा राहिला. बोर्डजवळच्या झोंबाझोंबीत हेल्मेट निघालं, तसाच उघड्या डोक्यानं पुढचा पक मिळवला, परत मिळवला, शॉट मारला, टँपाचा गोलकीपर खाबिबुलिननं अडवला आणि उडालेला पक ओलेग सप्रिकिननं आत घातला. फ्लेम्स मालिकेत ३-२ पुढे. स्कोअरबोर्डवर गोल सप्रिकिनचा. व्हिडिओ बघताना माझं सगळं लक्ष इगिन्लाच्या गुडघ्यांकडे असतं, कारण इतका दमलेला माणूस सरळ उभा राहायला लागतो, कंबर वर येते, हा शेवटपर्यंत खाली बसलेला आहे. (आता नियम बदललाय, हेल्मेट गेलं तर ते परत घालायचं नाहीतर बर्फावरून बाहेर जायचं. चांगला नियम आहे, मुलाला ते उघडं डोकं शूरपणा म्हणून शिकवू नका.)

सहावा गेम डबल ओव्हरटाइममध्ये गेला, टँपाच्या मार्टिन सेंट लुईनं मारला. सातवा २-१ नं. कप टँपाला. इगिन्लानं त्या प्लेऑफमध्ये सगळ्यांत जास्त १३ गोल केले होते, आणि पुढच्या १३ वर्षांत तो परत कधी कपच्या इतक्या जवळ पोचला नाही. २० सीझन, एकही स्टॅन्ली कप नाही.

मारामारीबद्दल स्पष्ट सांगतो. इगिन्ला भांडला, अनेकदा, आणि तो काळ तसा होता, सोबत्याला कुणी घाण धडक दिली तर कॅप्टननं जाब विचारायचा अशी रीत होती. तुमच्या मुलाला याची काहीही गरज नाही. मायनर हॉकीत, म्हणजे पोरांच्या हॉकीत, ग्लोव्ह्ज टाकले की गेममधून बाहेर आणि वर सस्पेन्शन. आणि एनएचएलमध्येही ते प्रमाण आता खूप कमी झालंय. कोच जर तेरा वर्षांच्या पोराला "जरा घाबरव त्यांना" असं सांगत असेल तर तो पॉवर फॉरवर्ड घडवत नाहीये, वापरून घेतोय.

हे मी एका पोरावरून बोलतोय. टीमचं नाव नको. चौदाव्या वर्षी मिशा फुटलेला, बाकीच्यांपेक्षा डोकं वर, दोन सीझन त्याला फक्त धडका मारायला ठेवलं, पॉवर-प्लेवर (समोरच्यांचा माणूस शिक्षेवर बाहेर असताना) कधी उतरवला नाही. पालक खूश, कारण लोक टाळ्या वाजवायचे. सोळाव्या वर्षी बाकीचे त्याच्या उंचीला आले, याच्याकडे ना शॉट ना पास, आणि खांदा दोनदा निखळलेला, वर एक कन्कशन जे त्यानं आठवडाभर लपवलं. माझ्या टेबलावर पडून तो पोरगा मला म्हणाला, मला पक मिळाला की काय करायचं तेच कळत नाही. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

त्यामुळे आता तुमच्या घरचं. यू-१५ पासूनच बॉडी चेकिंग, म्हणजे अंगानं धडक देणं, सुरू होतं, त्याच्या खालच्या वयात हॉकी कॅनडानं २०१३ मध्ये बंद केलं, आणि त्यामागे इथल्याच कॅलगरी युनिव्हर्सिटीचं काम होतं. त्यांनी ११-१२ वर्षांच्या पोरांची चेकिंग असलेली अल्बर्टाची आणि चेकिंग नसलेली क्विबेकची लीग ताडून पाहिली तर चेकिंगवाल्यांत कन्कशनचा धोका तिपटीहून जास्त निघाला. म्हणजे तुमचा मुलगा आत्ता पहिल्यांदा धडक देतोय आणि घेतोय. धडक द्यायला तो आपोआप शिकेल, अंगच तेवढं आहे. घ्यायला शिकवावं लागतं. बोर्डपासून तीन-चार फुटांवर थांबायचं नाही, एकतर बोर्डला पूर्ण चिकटायचं नाहीतर लांब राहायचं, मधल्या अंतरात मान मोडते. पक घ्यायला जाताना आधी एकदा खांद्यावरून मागे बघायचं. आणि नजर वर. मोठ्या पोरांना नजर खाली ठेवून चालून जातं, लहान असताना त्यांना कुणी पाडत नाही, लिंड्रॉसची गोष्ट त्यासाठीच सांगितली. डोकं दुखतंय, उजेड सहन होत नाही, गप्प गप्प आहे असं काहीही दिसलं तर त्या दिवशीचा खेळ संपला, डॉक्टरनं सोडल्याशिवाय परत बर्फावर नाही, फायनल असली तरी.

शरीराचं म्हणाल तर आत्ता वजनं उचलायची घाई नको. उंची झपाट्यानं वाढतेय म्हणजे गुडघ्याखालच्या हाडाच्या टोकाशी दुखणं, जांघेत ओढ, हे येणारच. मी या वयाला दोनच गोष्टी बघतो. एक, खुबा आतल्या बाजूला किती फिरतो, कारण हॉकीच्या पोरांत तिथे हाडाची जास्तीची वाढ खूप दिसते आणि फिरणं कमी व्हायला लागलं की स्केटिंग कमी करावं लागतं. दोन, मांडीच्या आतल्या स्नायूंची ताकद. एनएचएलच्या खेळाडूंवरच तपासून बघितलंय, ती बाहेरच्या स्नायूंच्या ८० टक्क्यांच्या खाली गेली की ग्रोइन (जांघेचा स्नायू) ओढलं जायचा धोका कितीतरी पट वाढतो. आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं, गुडघ्यांमध्ये बॉल दाबून धरणे आणि बाजूवर झोपून वरचा पाय बाकावर ठेवून कंबर उचलणे. आणि बैठका. आपल्या साध्या तालमीतल्या बैठका, सावकाश, टाच टेकवून. गॅरेजमध्ये रोज शंभर पास भिंतीवर मारून परत आलेला न थांबवता मारायला सांगा, त्याला कंटाळा येणार नाही, तो वन-टायमरच आहे.

इगिन्लाचा शेवटचा टप्पा थोडक्यात सांगतो. २००७-०८ ला परत ५० गोल, आणि २००१ पासून सलग ११ सीझन तिसाच्या खाली नाही. २०१० ला व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या फायनलमध्ये ओव्हरटाइमला टीममधल्याच सिडनी क्रॉस्बीनं "इगी!" म्हणून ओरडून पास मागितला तो याच्याकडेच, हा बोर्डला दाबलेला, पडता पडता त्यानं पक सोडला आणि क्रॉस्बीनं मारला. गोल्ड. ते पोस्टर क्रॉस्बीचं झालं, पास इगिन्लाचा होता. २०१३ ला कॅलगरीनं पिट्सबर्गला दिला, मग बोस्टन, तिथे ३६ व्या वर्षी ३० गोल, मग कोलोराडो, लॉस एंजेलिस, २०१८ ला निवृत्ती. ६२५ गोल, १३०० पॉइंट. मार्च २०१९ ला सॅडलडोममध्ये, म्हणजे फ्लेम्सच्या स्टेडियममध्ये, त्याचा १२ नंबर कायमचा वर चढला, मी वरच्या रांगेत होतो. कॅलगरीत असताना त्या वर्षांत तो प्रत्येक गोलमागे २००० डॉलर किडस्पोर्टला द्यायचा, जी संस्था परवडत नसलेल्या पोरांची फी भरते. तुम्हालाही फीचं जड जात असेल तर तिथे अर्ज करा, लाजू नका, त्यासाठीच आहे ते.

अजून एक, तुम्ही विचारलेलं नाही पण ओळींमधून दिसलं. टीममध्ये तो एकटाच सावळा आहे. इगिन्ला लहान असताना पोरं त्याला म्हणायची एनएचएलमध्ये काळे खेळाडू कुठेत, आणि तो एडमंटनच्या गोलकीपरकडे, ग्रँट फ्यूरकडे बोट दाखवायचा. तुमच्या मुलाला दाखवायला भारतीय वंशाचे एनएचएल खेळाडू आहेत, जुना रॉबिन बावा आहे, व्हँकुव्हरचा अर्शदीप बेन्स आहे, शनिवारी टीव्हीवर हॉकी नाइट पंजाबीत लागतं ते एकदा सोबत बसून बघा, त्याला आवडेल.

कोचला विचारायचा प्रश्न एकच: पॉवर-प्लेवर याला गोलपुढे उभा करणार का, आणि पक हातात असतानाचा सराव किती देणार. उत्तर गोलमोल आलं तर पुढच्या सीझनला टीम बदला.

आणि पुढच्या मॅचचा व्हिडिओ काढून पाठवलात तर बघून सांगतो. फक्त कॅमेरा पकच्या मागे फिरवू नका, पूर्ण शिफ्टभर त्याच्यावरच ठेवा, बेंचवर येऊन बसेपर्यंत. पक नसताना तो कुठे उभा राहतो आणि दमल्यावर कंबर किती वर येते, ते मला बघायचंय.